नौदलात लॉजिस्टिक्स मिळतंय. युद्ध लागलं तर ह्या अधिकाऱ्याचं नेमकं काम काय?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी कराडची. बीकॉम फर्स्ट क्लास, त्यानंतर मटेरियल मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा. एसएसबी (निवड मंडळाची मुलाखत) झालं, मेडिकल झालं, आता मेरिट लिस्टची वाट बघतेय. नाव आलं तर नौदलात लॉजिस्टिक्स म्हणजे रसद शाखेत शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची अधिकाऱ्याची नोकरी.

घरी पेढे वाटून झाले. फक्त धाकटे काका, जे पायदळातून सुभेदार होऊन निवृत्त झालेत, ते परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणजे पांढरा गणवेश घालून रेशनचं दुकानच चालवायचं की!" सगळे हसले, मीही हसले. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

शांततेच्या काळातलं काम मला साधारण कळलंय: शिधा, कपडे, सुटे भाग, हिशेब, कप्तानाचा पत्रव्यवहार. पण प्रत्यक्ष लढाई सुरू झाली की ह्या अधिकाऱ्याला काही काम उरतं का? की बाकीचे लढतात आणि हा वह्या सांभाळत बसतो? ह्या शाखेतलं कुणी इथे असेल तर खरंखुरं सांगा. गोड गोड नको.

डोंगरवाट

अभिनंदन! माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्याच्याकडून ऐकलंय की नेव्हीतल्या लॉजिस्टिक्सवाल्यांना बाहेर ई-कॉमर्स कंपन्या हातोहात उचलतात. दहा वर्षं काढ, बाहेर पड, पॅकेज घे. युद्धाचं कशाला मनावर घेतेस.

जुना_पसर

कृष्णाकाठची, अभिनंदन. मी ह्याच शाखेतून कमांडर म्हणून निवृत्त झालो, हल्ली मुक्काम चिपळूण. माझ्या वेळी शाखेचं नाव सप्लाय अँड सेक्रेटॅरिएट होतं. जहाजावर आम्हाला पसर म्हणतात, साहेबाच्या काळापासून. काकांना माझा नमस्कार सांग. पायदळातल्या माणसाने रसदवाल्याची थट्टा करायची हा रिवाजच आहे, मी तो कधी मनाला लावून घेतला नाही.

आता तुझा प्रश्न. माल आहे का, किती आहे, हे शांततेतलं काम. ते वह्यांवर भागतं, अलीकडे संगणकावर. युद्धात विचारलं जातं ते वेगळंच: कुठली वस्तू कशाच्या आधी हाताला लागणार? पसरची सगळी परीक्षा तिथे. गोदाम भरलेलं असून सैन्य उपाशी राहिल्याची उदाहरणं पाहिजे तेवढी आहेत. एक सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की अर्धी शाखा कळली.

जुलै १९४२, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन बंदर, आओटिया धक्का. अमेरिकेची पहिली मरीन डिव्हिजन तिथे येऊन पोचली होती. वर्षअखेरपर्यंत लढाई नाही, आधी सराव, अशी त्यांची समजूत. म्हणून जहाजं भरलेली होती व्यापारी पद्धतीने: जागा वाया जाऊ नये, एवढंच बघून. आणि हुकूम आला की ऑगस्टच्या सुरुवातीला जपान्यांच्या ताब्यातल्या ग्वाडलकॅनाल बेटावर उतरायचंय. म्हणजे सगळी जहाजं धक्क्यावर रिकामी करायची आणि नव्या क्रमाने भरायची. किनाऱ्यावर पाय टेकताक्षणी जे लागेल ते सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात शेवटी भरायचं. जे पंधरा दिवसांनी लागेल ते तळाशी.

दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पाऊस थांबेना. शिध्याचे खोके साध्या पुठ्ठ्याचे. ते भिजून फुटले, आतले कॉर्नफ्लेक्स धक्क्यावर सांडले आणि पुठ्ठा नि कॉर्नफ्लेक्स यांचा एकच लगदा झाला. डब्यांवरची लेबलं सुटली, कशात काय आहे कळेना. मरीन स्वतः पाळ्या लावून रात्रंदिवस हमाली करत होते. तरी सगळं बसेना. शेवटी नव्वद दिवसांचा शिधा साठ दिवसांवर आणला, दारूगोळाही ठरल्याच्या दोन-तृतीयांशावर. बाकीचं वेलिंग्टनलाच ठेवून २२ जुलैला निघाले.

७ ऑगस्टला उतरले. ८-९ च्या रात्री साव्हो बेटाजवळ जपान्यांनी दोस्तांच्या चार क्रूझर बुडवल्या आणि मालवाहू जहाजांना अर्धवट उतरवलेला माल पोटात घेऊन माघारी जावं लागलं. किनाऱ्यावर राहिलेले मरीन पुढे दोन वेळच्या जेवणावर आले, त्यातही पकडलेला जपानी तांदूळ. धक्क्यावर बसून क्रम लावणाऱ्या माणसाच्या पेन्सिलीचा आणि बेटावरच्या शिपायाच्या पोटाचा इतका सरळ संबंध असतो. ह्याला वह्या सांभाळणं म्हणायचं तर खुशाल म्हणावं.

हाच प्रकार त्याआधी त्याच वर्षी बोराबोराला झाला होता. युद्ध लागल्यावर पॅसिफिकमध्ये अमेरिकनांनी उभारलेला पहिला इंधनतळ. माल उतरवायची यंत्रं जहाजाच्या तळाशी आणि त्यांच्यावर बाकी सगळा पसारा. यंत्राशिवाय पसारा निघेना, पसारा काढल्याशिवाय यंत्र निघेना.

जेवून येतो, मग करिअरबद्दल लिहितो.

इतिहासवेडा

पसरकाका, एवढं लांब जायची गरजच नाही. पानिपत घ्या. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि १४ जानेवारीला भाऊसाहेबांना उपाशी फौज घेऊन बाहेर पडावं लागलं. आपल्याकडे रसदवाल्याला मान नाही हे तेव्हापासूनचं दुखणं आहे.

जुना_पसर

आलं, पानिपत आलंच! मराठी धाग्यावर रसद म्हटलं की दहाव्या प्रतिसादापर्यंत येतं, तुम्ही तिसऱ्यातच आणलंत. मुद्दा बरोबर आहे, पण ती जमिनीवरची गोष्ट. समुद्रावर तळ सोबत न्यावा लागतो, म्हणून आमचा धंदा निराळा. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

कृष्णाकाठची, आता एका माणसाची कारकीर्द सांगतो. युद्धातल्या रसदेत आयुष्य घालवणारा नौदल अधिकारी कसा घडतो हे बघायचं तर मी आमच्या नव्या पोरांना हेन्री एक्लस ह्या अमेरिकन अधिकाऱ्याचं नाव सांगत असे. गंमत म्हणजे हा मुळात रसदवाला नव्हेच. विनाशिकेचा कप्तान. १९४२ च्या सुरुवातीला जावाच्या आसपास जपान्यांशी जी लढाई झाली तिच्यात 'जॉन डी. एडवर्ड्स' नावाची पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बांधणीची, चार धुराड्यांची विनाशिका त्याच्या हाताखाली होती. बाडुंगच्या सामुद्रधुनीत लढला, २७ फेब्रुवारीला जावा समुद्रात लढला. टॉर्पेडो संपले, इंधनाची मारामार, दुरुस्तीला गोदी नाही. अशा चार जुन्या विनाशिका रात्री बालीच्या सामुद्रधुनीतून निसटून ऑस्ट्रेलियाला पोचल्या, त्यातली एक ह्याची. शौर्याबद्दल नेव्ही क्रॉस मिळाला.

अशा माणसाला मग कागदावर आणून बसवलं: पुढच्या तळांची योजना. बेट ताब्यात आलं की तिथे आठवड्यांत बंदर उभं करायचं. त्यासाठी त्यांनी आख्खे तळच यादीसकट बांधून ठेवले होते. मोठ्या तळाला लायन, मध्यमाला कब, धावपट्टीच्या तुकडीला एकॉर्न अशी नावं. "एक कब पाठवा" म्हटलं की डॉक्टरपासून जनित्रापर्यंत सगळं निघालं पाहिजे. ज्याने टॉर्पेडो संपलेल्या जहाजावर उभं राहून लढाई बघितली, त्याला त्या यादीतल्या प्रत्येक ओळीचं मोल कळत असणार. युद्धानंतर १९४७ मध्ये न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात रसदेचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याचा प्रमुख हाच. तिथल्या ग्रंथालयाला आज त्याचं नाव आहे.

त्याचं एक म्हणणं मला नोकरीभर उपयोगी पडलं. रसद आपोआप फुगते. दहा माणसं पाठवली की त्यांना स्वयंपाकी लागतो, स्वयंपाक्याला इंधन, इंधनाला टाकी, टाकीला पहारा, पहारेकऱ्याला पुन्हा जेवण. कुठेतरी कुणीतरी अधिकाराने "नाही" म्हणायला लागतं. चांगला पसर देण्यासाठी जेवढा लक्षात राहतो तेवढाच नकारासाठी. त्यामुळे वॉर्डरूममध्ये (अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये) फार लोकप्रिय व्हायची आशा ठेवू नकोस.

कीबोर्डवीर

सगळं ठीक, पण हे ऐंशी वर्षांपूर्वीचं झालं. आता बारकोड आहेत, सॉफ्टवेअर आहे, कुठला खोका कुठे आहे ते बटण दाबलं की दिसतं. क्रम कसला लावताय?

जुना_पसर

कीबोर्डवीर, आपल्या नौदलातही आयएलएमएस नावाची संगणक प्रणाली आहे आणि तिच्यामुळे काम सोपं झालं, नाकारत नाही. खोका कुठे आहे ते ती सांगते. पण खोका अशा जहाजात असेल जे आता समुद्राच्या तळाशी आहे, तर काय?

१९८२ चं फॉकलंड घ्या. २ एप्रिलला अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली ही ब्रिटिश बेटं घेतली, ५ एप्रिलला पोर्ट्समथहून ब्रिटिशांची विमानवाहू जहाजं निघाली. तीन दिवसांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि जहाजांच्या पोटात जे हाताला लागेल ते कोंबलं गेलं. सुदैवाने वाटेत, साधारण निम्म्या अंतरावर, असेन्शन नावाचं बेट ब्रिटिशांकडे होतं. तिथे थांबून हेलिकॉप्टरने आणि बोटींनी माल ह्या जहाजातून त्या जहाजात हलवून क्रम नीट लावला. असेन्शन नसतं तर वेलिंग्टनची पुनरावृत्ती भर समुद्रात झाली असती.

आणि मग 'अटलांटिक कन्व्हेयर'. हे एका व्यापारी कंपनीचं कंटेनर जहाज, युद्धापुरतं घेतलेलं. हॅरियर विमानं सुदैवाने आधीच उडून दुसऱ्या जहाजांवर गेली होती. पण अवजड वाहतुकीची चार चिनूक हेलिकॉप्टरं, सहा वेसेक्स, हजारो माणसांचे तंबू, हॅरियरसाठी तात्पुरती धावपट्टी अंथरायचं सामान असं सगळं ह्या एकाच जहाजावर. २५ मे रोजी एक्झोसेट क्षेपणास्त्रं लागली. कप्तानासह बारा माणसं गेली. एक चिनूक त्या वेळी हवेत होतं तेवढं वाचलं. परिणाम? हेलिकॉप्टरने पुढे जायचे ते मरीन आणि पॅराट्रूपर पाठीवर ओझं घेऊन जिथे उतरले त्या सॅन कार्लोसहून राजधानी स्टॅन्लीकडे पायी निघाले, ऐंशी-नव्वद किलोमीटर, चिखलातून. संगणकाला यादी तोंडपाठ असेल, पण एका जातीची वस्तू दोन जहाजांत विभागून ठेवायची की नाही, हे माणसाने ठरवायचं असतं आणि बहुतेक वेळा जागा आणि वेळ दोन्ही कमी असताना.

त्या मोहिमेचं प्रमुख जहाज हर्मीस, तेच आपलं विराट बरं का. १९८७ साली आपल्याकडे आलं. आमच्या पिढीतल्या अनेकांनी त्यावर नोकरी केली. त्यामुळे फॉकलंड आम्हाला कधी परक्याची गोष्ट वाटलं नाही.

घाटकोपरचा_स्टोअरकीपर

पसरसाहेब, राम राम. मी नौदलाच्या घाटकोपरच्या भांडारात सिव्हिलियन स्टोअरकीपर होतो. तुम्ही जहाजावरचं सांगताय, आमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो.

आपल्या नौदलात ब्रिटिश वळणाची जहाजं होती आणि सोव्हिएतही. एकाच रॅकवर इंचातला बोल्ट आणि मिलिमीटरचा बोल्ट. सोव्हिएत मालाची कागदपत्रं रशियन लिपीत. आमच्यातले जुने लोक अक्षर न वाचता आकारावरून ओळखायचे की हा कागद कुठल्या पंपाचा. १९९१ ला सोव्हिएत संघ फुटला आणि आमचं धाबं दणाणलं. काल एका पत्त्यावर मागणी जायची, आज कारखाने वेगवेगळ्या देशांत. राजपूत वर्गाच्या विनाशिकांची गॅस टर्बाइन निकोलायेवची, म्हणजे ती गेली युक्रेनमध्ये. बाकी यंत्रं रशियात. तेव्हा लॉजिस्टिक्सचे साहेब लोक आणि आम्ही मिळून कुठला भाग मुंबईत बनवून घेता येईल याच्या याद्या केल्या. कुर्ला, अंधेरीच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी किती तरी वस्तू करून दिल्या. गोळी चालली नाही, पण ते दिवस आमच्यासाठी युद्धाचेच.

मुलीला सांगणं एवढंच. सिव्हिलियन स्टाफला नाव घेऊन, आदराने बोलत जा. माल कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार. पसरकाका, तुम्ही सांगितलेलं सगळं काल रात्री काकांना वाचून दाखवलं. कॉर्नफ्लेक्सवर हसले, चिनूकला गप्प झाले, मग म्हणाले, "हे अमेरिकेचं आणि विलायतेचं झालं. आपल्या लढाईत ह्यांनी काय केलं ते विचार."

शिवाय माझा एक प्रश्न: जहाज लढत असताना मी स्वतः, शरीराने, कुठे असेन? आणि मुलींना जहाजावर खरंच पाठवतात का?

जुना_पसर

काका पक्के आहेत. आवडले मला.

आपली लढाई म्हणजे १९७१. मी तेव्हा शाळेत होतो, पण नोकरीत ज्यांच्या हाताखाली शिकलो ते त्यात होते. दोन गोष्टी सांगतो.

पहिली कराचीची. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची पेटवली, म्हणून तो नौदल दिन, हे सगळ्यांना माहीत असतं. ह्या नौका सोव्हिएत, वेगवान, पण पल्ला तोकडा. रशियाहून आल्या तेव्हा प्रत्येकी जवळपास दोनशे टनांचं ते धूड उतरवू शकणारी क्रेन मुंबईला नव्हती. म्हणून कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून दोरीने ओढत, आख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईला आणल्या. त्या ओढत आणण्यातूनच लोकांना खात्री पटली की ह्यांना शत्रूच्या दारापर्यंतही ओढत नेता येईल, म्हणजे स्वतःचं इंधन हल्ल्यासाठी आणि परतीसाठी राखता येईल. गुजरातचं ओखा बंदर पुढचा इंधनतळ. आणि मारलं काय? युद्धनौका तर बुडवल्याच, शिवाय कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्या. पाकिस्तानी हवाई दलाने उलट हल्ला कुठे केला? ओख्याच्या इंधनसाठ्यावर आणि धक्क्यावर. आपल्या लोकांनी हे ओळखून नौका आधीच दुसरीकडे हलवल्या होत्या. दोन्ही बाजू एकमेकांची रसदच शोधत होत्या, काकांना एवढं सांग.

दुसरी गोष्ट माझी लाडकी. पाकिस्तानची गाझी पाणबुडी आपल्या विक्रांतच्या मागावर बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला, वेग कमी, तेव्हा तिला सांभाळणं भाग होतं. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन. त्यांनी विक्रांत अंदमानात पोर्ट कॉर्नवॉलिसला लपवली आणि शत्रूला वाटावं की ती विशाखापट्टणमला आहे, असा बनाव रचला. जुनी राजपूत विनाशिका विक्रांत असल्याचं भासवून बिनतारी संदेश पाठवत राहिली. हा भाग पुस्तकांत सगळीकडे येतो. पण दुसरा भाग असा की विशाखापट्टणमच्या कंत्राटदारांना प्रचंड शिध्याची मागणी दिली, मुख्यतः मटण आणि भाज्या. ताफा बंदरात आहे, एवढं लागेल, म्हणून. कृष्णनना बाजार ठाऊक होता. बंदरात जहाज आलं की ही बातमी आधी खाटकाला आणि भाजीवाल्याला कळते, आणि त्यांच्याकडून गावाला. हेरांना काय, बाजारात कान उघडा ठेवला की झालं.

३-४ डिसेंबरच्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. राजपूतच्या डेप्थ चार्जने की स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने, यावर भारत-पाकिस्तानचं अजून जुळत नाही. पण ती तिथे होती, आणि विक्रांत तिथे नव्हती. काका रेशनचं दुकान म्हणाले ना? त्यांना विचार, भाजीच्या ऑर्डरने पाणबुडीला चकवल्याचं पायदळात कधी ऐकलंय का.

आता तू कुठे असशील ते. 'ॲक्शन स्टेशन्स' वाजलं की जहाजावर मोकळा माणूस उरत नाही. तुझे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड प्रथमोपचाराच्या किंवा आग-पाणी आटोक्यात आणणाऱ्या तुकड्यांत जातात. गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) तळण बंद, कारण उकळतं तेल आणि तोफेचा हादरा एकत्र नको. तरी माणसांना खायला लागतंच. लढाईची स्थिती तासन्‌तास चालते. मग पुरी-भाजी, उकडलेली अंडी, पराठ्याच्या गुंडाळ्या, एका हाताने खाता येईल असं काहीही, पाकिटं करून प्रत्येक जागी पोचवायचं. इंजिनरूमला आधी की ऑप्सरूमला (जिथून लढाई चालवतात त्या कक्षाला) आधी, कुठली पाणबंद दारं कुठल्या मिनिटाला उघडायची परवानगी मिळेल, हे तू आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पुन्हा क्रमच.

सगळ्यात थरारक मात्र समुद्रातलं इंधन भरणं. त्याला आम्ही रास म्हणतो. टँकर आणि युद्धनौका शेजारी शेजारी, मध्ये तीस-पन्नास मीटर पाणी, दोघी बारा-चौदा नॉटने धावताहेत. टँकर आपला वेग आणि दिशा अजिबात बदलत नाही, जुळवून घ्यायचं ते दुसरीने. बंदुकीने एक बारीक दोरी पलीकडे उडवतात, तिच्यामागे जाड दोरी, तिच्यामागे तारेचा दोर आणि त्यावरून लोंबत इंधनाचा होज. दोन्ही जहाजांमध्ये रंगीत फडक्यांची एक अंतरदोरी ताणलेली असते. फडकी बघून ब्रिजवरच्या माणसाला कळतं की आपण जवळ सरकतोय. मधलं पाणी दोन सांगाड्यांत चिमटून उसळतं आणि जहाजांना एकमेकांकडे ओढतं. सुकाणूवरच्या पोराचं लक्ष क्षणभर हललं तरी भागत नाही. त्याच वेळी दुसऱ्या दोरीवरून बटाट्याची पोती, टपाल, एखादा सुटा भाग येत असतो आणि डेकवर लाइफजॅकेट-हेल्मेट घालून यादी हातात धरून ओली चिंब झालेली जी व्यक्ती उभी असते, ती म्हणजे तू. ही वेळ जहाजाची सगळ्यात दुबळी. वळता येत नाही, पळता येत नाही. म्हणून धोका दिसला की तातडीने सुटायचा सराव वारंवार करतात. मी टँकरवर असताना एकदा असा सराव चालू असताना पोतं मध्येच लटकलं आणि दोर सुटल्यावर कांद्यासकट अरबी समुद्रात गेलं. पलीकडच्या जहाजाच्या पसरने त्याच्या पावतीवर सही द्यायला साफ नकार दिला. योग्यच केलं त्याने.

मुलींबद्दल: लॉजिस्टिक्स, कायदा आणि शिक्षण ह्याच त्या शाखा, ज्यांत १९९२ पासून महिला अधिकारी घ्यायला सुरुवात झाली. पर्मनंट कमिशनचा (निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नोकरीचा) प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० ला नौदलापुरता निकालात काढला. हल्ली जहाजांवरही नेमणुका होतात. पण पहिलं पोस्टिंग जहाजच असेल असं मनात धरून जाऊ नकोस, किनाऱ्यावरच्या भांडारात दोन वर्षं काढणंही शाखेचा भाग आहे. वर घाटकोपरवाल्यांनी लिहिलंय ते पुन्हा वाच. मी तिकडच्याच लोकांकडून शिकलो.

सागरिका_म

मी नौदल अधिकाऱ्याची बायको, मुक्काम सध्या विशाखापट्टणम. काकांनी कामाचं सगळं सांगितलंय, मी बाकीचं सांगते. बदल्या दर दोन-तीन वर्षांनी. जहाज निघणार कधी हे आदल्या दिवशी कळतं, येणार कधी हे घरच्यांना कळत नाही. आणि कळलं तरी सांगायचं नसतं. वर भाजीवाल्याची गोष्ट आहे ना, त्याचं दुसरं टोक म्हणजे आम्ही. जास्तीचं दूध बंद करताना सुद्धा "गावाला चाललोय" म्हणायचं. लग्नाचं स्थळ बघताना समोरच्याला हे आधी सांग, नंतर नको.

कृष्णाकाठची

काकांनी भाजीची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "हे कृष्णन चांगले होते." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

काका, शेवटचं: एझिमलाच्या नौदल अकादमीत जायच्या आधी हातात दोन-तीन महिने असतील. काय तयारी करू? अकाउंट्सची उजळणी?

जुना_पसर

अकाउंट्स तिथे शिकवतील. एझिमलाच्या अकादमीत सगळ्यांसारखं सैनिकी प्रशिक्षण होईल, शाखेचं शिक्षण नंतर मालाडला मार्व्याच्या आयएनएस हमलावर. ह्या महिन्यांत पोहणं पक्कं कर. वाणिज्य शाखेची हुशार मुलं पहिल्या आठवड्यात तिथेच गळपटतात. रोज पळ, बूट घालून पळ, नुसत्या ट्रॅकवर नव्हे. नकाशा बघायची सवय लाव. ओखा, कारवार, पोर्ट ब्लेअर, सलाला, जिबूती ह्यांची एकमेकांपासूनची अंतरं साधारण डोक्यात असू देत, आणि कुठे इंधन घेता येतं तेही. अमेरिकेशी २०१६ साली रसदेचा करार झाल्यापासून आपली जहाजं त्यांच्या तळांवर इंधन घेऊ शकतात, तसे करार नंतर इतर देशांशीही झाले. ते एकदा वाचून ठेव, मुलाखतीत नाही तरी वॉर्डरूममध्ये विचारतात.

आणखी एक. कराडच्या मार्केट यार्डात तुझी ओळख असेल तर चार-सहा दिवस पहाटे जाऊन बस. कांदा ओला की सुका, बटाटा किती दिवस टिकेल, पोतं वजनाला कसं मारतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि पहिल्याच जहाजावर लागलं. पुढचे प्रश्न व्यक्तिगत निरोपात नको, इथेच विचार. अजून दोघी-तिघी वाचत असतील.